एकबेरीज दफ्तर आणि सर्व्हरचे लॉग

मागच्या भागानंतर काही जणांनी विचारलं होतं की मी पोटापाण्यासाठी करतो काय. मी मूळचा यवतमाळचा, आणि दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो. सर्व्हरवर कोण आलं, काय मागितलं, किती वेळ लागला, याची ओळीमागून ओळ पडत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर ती कीर्द. यवतमाळच्या बाजारात जुन्या अडत्यांच्या घरी कीर्द आणि खतावणी हे शब्द पोरासोरांनाही माहीत असतात. घडलं त्या क्रमाने लिहायचं ती कीर्द, आणि तेच नावानिशी, खात्यानिशी वेगळं काढायचं ती खतावणी.

आता अडचण अशी, की वर्षभराच्या लॉगला एक साधा प्रश्न विचारला तरी उत्तराला तास लागतो. म्हणून 'समरी इंडेक्स' करतात. दर तासाला एक ठरलेला शोध आपोआप चालतो, त्या तासाचा गोषवारा काढतो आणि वेगळ्या जागी ठेवतो. मग वर्षाचा हिशेब मूळ ओळींवर नाही, या गोषवाऱ्यांवर होतो. काम सेकंदांत. कच्चे लॉग काही महिन्यांनी पुसले तरी गोषवारा राहतो.

ही युक्ती पुण्यात अठराव्या शतकात चालू होती, आणि तीही चांगल्या मोठ्या प्रमाणावर. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात रोजकीर्द लिहिली जायची, रोजची रोज, मोडीत. फडणिसाच्या हाताखाली चालतं दफ्तर, आणि त्याशिवाय एक कायम पुण्यातच बसलेलं 'एकबेरीज दफ्तर'. सगळ्या खात्यांचे हिशेब इथे यायचे. इथले कारकून दरसाल 'तर्जुमा' करायचे, म्हणजे राज्याची एकूण जमा, एकूण खर्च आणि बाकी. शिवाय खर्चाच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या खतावण्या. कारभाऱ्याला राज्याची शिल्लक हवी असेल तर रोजकीर्दीचे रुमाल सोडत बसायची गरज नाही.

यात एक शहाणपण आहे, ते मला धंद्यातला माणूस म्हणून फार आवडतं. त्यांनी बेरीज ठेवली, सरासरी ठेवली नाही. समजा एका तासात हजार मागण्या आल्या, प्रत्येकीला सरासरी एक सेकंद लागला. पुढच्या तासात दहाच आल्या, सरासरी अकरा सेकंद. दोन सरासऱ्यांची सरासरी काढाल तर सहा सेकंद येईल. खरं उत्तर आहे साधारण 1.1 सेकंद. म्हणून गोषवाऱ्यात एकूण वेळ आणि एकूण संख्या ठेवायची. बेरजांची पुन्हा बेरीज होते. सरासरीचं तसं नाही.

दुसरी गोष्ट खंडाची. ठरलेला शोध एखाद्या तासाला चाललाच नाही, तर गोषवाऱ्यात भोक पडतं, आणि आलेख मात्र शांतपणे सांगतो की त्या तासात काही घडलंच नाही. कच्चा लॉग शिल्लक असेल तरच ते मागाहून भरता येतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराचं तेच झालं. नाना फडणवीस गेल्यावर व्यवस्था ढासळली, कारकून कमी झाले, कागद लोकांनी नेले. 1818 नंतर एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या मॅक्लिऑडने दफ्तर ताब्यात घेतलं तेव्हा आधीच्या पिढ्यांचे कागद बरे होते, शेवटच्या पेशव्याचे मात्र विस्कळीत. ते भोक भरायला मूळ कागदच उरले नव्हते.

आणि मग आलं 1852 चं इनाम कमिशन. इनाम खरं की खोटं, कुणाला कधी दिलं, चालू होतं का, हे तपासायला सरकारने दफ्तर धुंडाळलं. अनेक घराण्यांच्या जमिनी त्यावर ठरल्या. तर्जुमा इथे बिनकामाचा. असा प्रश्न कुणी विचारेल हे तर्जुमा करणाऱ्याच्या मनातही नव्हतं. उत्तर सापडलं तर तपशिलाच्या कागदांत. पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी याच रोजनिश्यांतून निवडक उतारे काढले, त्यांचे खंड निघाले. तो इतिहासही कीर्दीतलाच.

आमचा वऱ्हाड निजामाच्या मुलखात, तेव्हा आमच्या गावांचा या कमिशनशी संबंध नाही. पण गोषवाऱ्याचा संबंध आहेच. तलाठ्याला आमच्याकडे अजून पटवारी म्हणतात, आणि दर खरिपात गावोगाव चर्चा असते ती पैसेवारीची. ठरावीक शेतांत पीक कापणीचे प्रयोग होतात, आलेलं उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडतात, आणि अख्ख्या गावाला एक आकडा मिळतो. आधी नजर अंदाज, मग सुधारित, 31 डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या आत आला तर जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जवसुलीला स्थगिती. बावन्न आला तर काही नाही. अतिवृष्टीचे पंचनामे वेगळे होतात, हे खरं. पण हलक्या बरड जमिनीवरचा कापूस पाण्याविना वाळला आणि खालच्या काळ्या शिवारात बरा पिकला, तर बरडवाल्याचं वर्ष त्या बावन्नात विरघळून जातं. बावन्नकडे कितीही वेळ बघा, तो परत सापडत नाही.

मोजणी नकोच, असं मी म्हणत नाही. जिल्ह्यातल्या दोन हजारांवर गावांचा निर्णय घ्यायचा तर आकडा लागणारच. माझा आग्रह एवढाच, की गावाच्या आकड्याशेजारी कापणी झालेल्या प्रत्येक शेताचं उत्पन्नही ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं. ते आकडे लिहिलेले असतातच. यंदा डिसेंबरच्या आधी ते मागून बघा.