नाकात बसवलेलं सिलिकॉन बिघडलं तर? दुसरं ऑपरेशन कसं होतं, समजून घ्या

भातकुली : बसकं नाक उंच दिसावं म्हणून, किंवा गाडीवरून पडून दबलेलं नाक सरळ व्हावं म्हणून नाकाच्या दांडीवर सिलिकॉनचा तुकडा बसवतात. बऱ्याच जणांचा तो नीट राहतो. काहींचा मात्र बिघडतो, कधी महिन्याभरात तर कधी दहा-पंधरा वर्षांनी. अशा वेळी दुसरं ऑपरेशन करावं लागतं. ते किती सोपं किंवा अवघड जाईल, हे पेशंट किती लवकर डॉक्टरकडे पोहोचला यावर पुष्कळ अवलंबून असतं.

सिलिकॉन गुळगुळीत असतं. शरीर त्याला आपलं मानत नाही, त्याच्याभोवती पिशवी तयार करतं. पिशवीत तुकडा सरकला की नाक वाकडं दिसतं. पिशवी आकसली की शेंडा वर ओढला जातो आणि नाक आखूड होतं. सगळ्यात वाईट म्हणजे शेंड्यावरची कातडी आतून घासून पातळ होणं. आधी ती लाल पडते, मग चकचकते आणि शेवटी आतला तुकडाच बाहेर डोकावतो. मेडपोर नावाचा दुसरा एक प्रकार आहे. त्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यात मांस वाढतं, त्यामुळे तो जागेवर घट्ट राहतो, पण काढायची वेळ आली तर लय त्रास देतो.

नाक लाल झालं, दुखायला लागलं, सुजलं किंवा पू आला, तर मेडिकलमधून गोळ्या आणून वाट पाहू नये. सिलिकॉनमध्ये रक्त फिरत नाही. जंतू त्याच्यावर थर करून बसतात आणि औषध तिथं पुरेसं पोहोचत नाही. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पू येतो. तेवढ्यात कातडी आणखी खराब होते. दाबून पू काढणं, सुई टोचणं हे तर अजिबात नको.

डॉक्टर अशा वेळी बहुधा आधी तुकडा काढून जखम धुतात आणि पू तपासायला पाठवतात. मग जखम भरून कातडी मऊ होईपर्यंत थांबतात, साधारण सहा महिने ते वर्षभर. या काळात नाक बसलेलं दिसतं. लग्न जमायचं असलेल्या मुला-मुलींना हे दिवस जड जातात, पण घाई करून पुन्हा सिलिकॉनच बसवणं धोक्याचं आहे. जंतू नसतील, नुसता तुकडा सरकला असेल, तर काढणं आणि नवीन बांधणं एकाच वेळी होऊ शकतं.

नवीन नाक बांधायला शक्यतो पेशंटचीच कूर्चा घेतात, म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागतं तसं लवचिक हाड. थोडी लागत असेल तर ती दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून किंवा कानातून मिळते. बिघडलेल्या नाकाला जास्त लागते, म्हणून छातीच्या बरगडीची घेतात. छातीवर छोटा व्रण राहतो आणि काही दिवस खोकताना दुखतं. बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते, म्हणून ती कापण्याला अनुभवी हात लागतो. वय झालेल्यांची कूर्चा कडक झालेली असते, ती घडवायला अवघड जाते. सूज पूर्ण उतरून नाकाचा खरा आकार दिसायला वर्षभर लागतं.

आपल्याच अंगाचं घेऊन नाक बांधायची विद्या महाराष्ट्राला जुनी आहे. कावसजी हा इंग्रज फौजेचा बैल हाकणारा, शेतकरी जातीतला मराठा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिनानाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक बसवून दिलं. त्याने मेणाचं नाक करून माप घेतलं, ते माप कपाळावर ठेवून कातडी सोडवली आणि भुवयांमधली पट्टी न तोडता ती खाली वळवली. जखमेवर विड्याला लावतो तो कात लावला. संत्र्याचा डोळा जंभेरीवर भरताना जसा रस चालू राहावा लागतो, तशी ती पट्टी रक्त पुरवते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हे छापलं. ते वाचून कार्पू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच ऑपरेशन केलं. शेंड्याची कातडी पार गेली असेल, तर आजही डॉक्टर कपाळाची कातडी अशीच वळवतात.

म्हणून कातडी वाचवणं महत्त्वाचं. वरचं आवरण शाबूत असेल तर काम आत टेकू देण्यावर भागतं. ते गेलं की कपाळावर व्रण येतो आणि ऑपरेशनही दोन-तीन टप्प्यांत करावं लागतं.

डॉक्टर निवडताना एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी, नाहीतर नाकाच्या ऑपरेशनचा अनुभव असलेला कान-नाक-घसा सर्जन पाहावा. ब्युटी पार्लरवाल्याच्या ओळखीने जाऊ नये. पहिल्या ऑपरेशनचे कागद, त्यात कोणता तुकडा बसवला त्याची नोंद आणि आधीचे फोटो सोबत न्यावेत. कागद नसतील तर पहिल्या दवाखान्यातून मागून घ्यावेत, तो पेशंटचा हक्क आहे. रुपासाठी केलेलं ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नाही. अपघात किंवा आजाराचं असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. तंबाखू, बिडी ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही काही आठवडे बंद ठेवावी, कारण त्याने कातडीचं रक्त कमी होतं आणि जखम भरत नाही.