औषधाची बाटली आणि गिरणीचा खाडा

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आधीं डॉक्टरकडे धांवावें कीं आधीं खिसा चांचपावा, हा प्रश्न सुस्थित कुटुंबांना क्वचितच पडतो. सोलापूरच्या गिरणी-कामगाराला तो वारंवार पडत असे. त्या प्रश्नाची हकीकत आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

जुन्या दवाखान्याचा देखावा वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. लांकडी कठड्याआड उभा कंपाउंडर, काचेच्या बरण्यांतून तांबडीं-पिवळीं मिश्रणें, घरून धुऊन आणलेली रिकामी बाटली, आणि तिच्या अंगाला चिकटविलेली, कात्रीनें खांचे पाडलेली कागदाची पट्टी. एक खांच म्हणजे एक डोस. तपासण्याचे वेगळे पैसे डॉक्टर सहसा मागत नसे. घेई ते औषधाचे. नुसत्या सल्ल्याचें मोल द्यावयाचें ही कल्पनाच आमच्या समाजाला फारशी मानवलेली नव्हती. वैद्यबुवांना कोणी धान्य देई, कोणी सणावारीं दक्षिणा देई. पण नाडी पाहिल्याबद्दल रोख पैसे मोजणें लोकांस चमत्कारिक वाटे. ही वृत्ति ओळखूनच डॉक्टरानें आपली फी बाटलींत मिसळून टाकली. यांत सोय होती, तशी एक खोटही होती. ज्याला चार दिवसांच्या विश्रांतीखेरीज कशाचीच गरज नाहीं, त्यालाही कांहीं तरी रंगीत पाणी भरून देणें भाग पडे. एरव्हीं डॉक्टरच्या पदरांत काय पडणार?

आतां ही बाटली विकत घेणाराकडे पाहूं. सोलापूरची ‘जुनी गिरणी’ १८७७ सालीं निघाली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णु, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेलंगणांतून व आसपासच्या दुष्काळी मुलुखांतून माणसें येथें लोटलीं. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें १९२५ सालीं येथील गिरणी-कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हां एका कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ति सुमारें ४० रुपये भरली. मुंबईच्या कामगार कुटुंबाची त्याच काळांतील प्राप्ति ५२ रुपयांच्या घरांत होती. त्या चाळीस रुपयांतून बाटलीचे कांहीं आणे काढणें अवघड खरें, पण अशक्य नव्हे. आजाराची खरी किंमत बाटलींत नव्हतीच; ती होती खाड्यांत. गैरहजेरीच्या दिवसाचा पगार नाहीं, आणि आजारी माणसाला तर दूध हवें. मग सावकाराची पायरी चढावी लागे. औद्योगिक गांवांतील निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जांत आहेत, आणि रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५, हा व्याजाचा दर सर्रास चालतो, असें रॉयल कमिशननें १९३१ सालीं नमूद केलें आहे. पंधरा दिवसांच्या तापाचें देणें वर्षभर फिटत नसे तें यामुळें.

या खाड्यावर इलाज शोधण्याचें काम १९४३ सालीं प्रो. आदारकर यांजकडे आलें. पुढल्याच वर्षीं त्यांनीं अहवाल दिला आणि १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. नागपूर व मुंबई येथें १९५४ सालीं आली. कामगारानें व मालकानें पगाराच्या मानानें वर्गणी भरावी, आणि आजारपणांत कामगाराला औषध फुकट व सुमारें निम्मा पगार रोख मिळावा, अशी तिची मांडणी. मुंबईंत तर यादीवरच्या खाजगी डॉक्टरला दर माणशी ठराविक रक्कम देण्याची पद्धत ठरली. रोग्याला निष्कारण बाटली देण्याचें कारणच त्यामुळें उरलें नाहीं. मला तरी या सर्व इतिहासांत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

परंतु हा कायदा मोठ्या कारखान्याच्या मापानें बेतलेला होता. प्रारंभीं वीस किंवा अधिक माणसें असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसच तो लागू होता. इकडे सोलापूरच्या गिरण्या डळमळूं लागल्या. जुनी गिरणी १९४९ च्या ऑगस्टांत बंद पडली, १९५० च्या जानेवारींत मध्यवर्ती सरकारनें वटहुकूम काढून ती ताब्यांत घेतली, आणि साठीच्या दशकांत तिचा भोंगा कायमचा थांबला. पुढें चादरी व टॉवेल विणणारे माग दाटीवाटीच्या पेठांतील लहान लहान शेडींतून खडखडूं लागले. अशा शेडींत वीस माणसें कोठून असणार? विडी वळणाऱ्या बाया तर घरींच बसून काम करीत. त्यांच्या दवाखान्यांसाठीं निराळा कल्याण-निधि निघावयास १९७६ साल उजाडावें लागलें.

दरम्यान बाटलीही गेली. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. तयार गोळ्या आणि इंजेक्शनें गांवोगांव पोंचलीं. त्यांनीं असंख्य जीव वांचविले, याबद्दल वाद नाहीं. पण कंपाउंडरची जागा छापील चिठ्ठीनें घेतली, आणि एकाऐवजीं दोन ठिकाणीं पैसे मोजणें आलें: डॉक्टरला तपासण्याचे आणि दुकानदाराला औषधाचे. १९७९ च्या हुकुमानें ३४७ औषधांच्या किंमती बांधल्या होत्या. १९९५ सालीं त्या यादींत ७४ च राहिलीं. २०१३ सालीं ती पुन्हां वाढविण्यांत आली.

सरकारनें २०१२ च्या जुलईंत राजीव गांधी जीवनदायी योजना काढली, तेव्हां पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतें. गरीब कुटुंबास सालीना दीड लाख रुपयांपर्यंतच्या शस्त्रक्रिया व मोठे उपचार तिनें विनामूल्य केले. इस्पितळांत निजावें लागणाऱ्या रोग्याची अशी सोय झाली. पण जो निजत नाहीं, कामावर जातो आणि संध्याकाळीं खाजगी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन दुकानाशीं उभा राहतो, तो पांच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतांना दोन दिवसांच्याच मागतो; आणि दुकानदारही कांहीं न विचारतां कात्रीनें पट्टी कापून देतो.