अरिकमेडु येथील अवशेष व ‘रोमन वसाहत’ ही संज्ञा

पुदुच्चेरी शहराच्या दक्षिणेस सुमारे ४ किलोमीटर अंतरावर, अरियांकुप्पम् नदीच्या काठी अरिकमेडु हे स्थळ आहे. तमिळमध्ये ‘मेडु’ म्हणजे उंचवटा. शुक्राच्या अधिक्रमणाचे निरीक्षण करण्यासाठी अठराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच ज्योतिर्विद ल झांती याने येथील प्राचीन अवशेषांची प्रथम नोंद केली. १९३७ मध्ये झुव्हो-द्युब्रय या फ्रेंच विद्वानास येथे एक कोरीव रत्न मिळाले. त्यावरील मुखाकृती सम्राट ऑगस्टस याची असावी, असे मानले गेले. तेव्हापासून हे स्थळ ‘रोमन वसाहत’ म्हणून ओळखले जाऊ लागले. उत्खनित पुराव्याशी ही संज्ञा कितपत जुळते, हे पाहणे आवश्यक आहे.

१९४५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९४६ मध्ये ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इटलीतील अरेत्सो या नगराच्या नावाने ओळखली जाणारी तांबडी, तुकतुकीत अरेटाइन मृत्पात्रे, दोन कानांच्या उभट मद्यकुंभांची (अँफोरांची) खापरे, विटांच्या एका लांबट इमारतीचा पाया, आणि कापड रंगविण्यासाठी असावीत असे व्हीलर यांना वाटलेली टाकी, हे त्यातील प्रमुख अवशेष होत. अरेटाइन पात्रांचा काळ युरोपातील पुराव्यावरून निश्चित झालेला असल्याने त्यांच्यासमवेत सापडलेल्या भारतीय खापरांनाही काळ देता आला. दक्षिण भारताच्या पुरातत्त्वास तोपर्यंत असा निश्चित कालबिंदू लाभलेला नव्हता. १९४७ मधील ब्रह्मगिरीच्या उत्खननात याच कालबिंदूचा आधार घेण्यात आला. व्हीलर यांचे हे कार्य मूलभूत स्वरूपाचे आहे, यात शंका नाही.

तथापि कालनिर्णयास उपयोगी पडणारी वस्तू आणि वस्तीचा कर्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्हीलर यांनी स्वतः ‘भारत-रोमन व्यापारी ठाणे’ असा सावध शब्दप्रयोग केला होता. परंतु पाश्चात्त्य व्यापाराच्या आगमनापूर्वी येथे साधे कोळीवाडेच असावेत, अशी त्यांची कल्पना होती. पुढील संशोधनाने ती मागे पडली. झां-मारी कासाल यांच्या उत्खननात (१९४७–५०) अरेटाइन पात्रांच्या पूर्वीच्या वस्तीचे स्तर स्पष्ट झाले. विमला बेगली यांच्या नेतृत्वाखालील उत्खननाने (१९८९–९२) वस्तीचा आरंभ इसवी सनापूर्वी नेला, आणि रोमन व्यापाराचा भर ओसरल्यावरही ती टिकून होती असे दाखविले. ज्या नक्षीदार ‘रूलेटेड’ खापरांवर प्रथम भूमध्यसागरी प्रभावाची छाया दिसली होती, ती भारतीय बनावटीची असल्याचे आता मान्य झाले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी त्यांच्या मातीच्या पृथक्करणावरून त्यांचे मूळ बंगालमधील चंद्रकेतुगढ–तामलुक परिसरात शोधले. काचमण्यांचा येथील मोठा उद्योगही स्थानिक कारागिरांचाच होता.

भाषिक पुरावा याच दिशेने जातो. अरिकमेडूच्या खापरांवर ब्राह्मी लिपीत तमिळ व प्राकृत भाषांतील नावे कोरलेली आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक नौकानयन-ग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात आलेले ‘पोदुके’ हे बहुधा हेच स्थळ होय. टॉलेमी त्यास ‘एम्पोरिऑन’, म्हणजे व्यापाराची पेठ, म्हणतो. ग्रीक भाषेत वसाहतीसाठी ‘अपोइकिया’ हा स्वतंत्र शब्द उपलब्ध होता, तो येथे योजलेला नाही. ‘पेरिप्लस’ या किनाऱ्यावरील स्थानिक नौकांचे प्रकारही नावानिशी सांगतो. म्हणजेच माल वाहणारे हात बऱ्याच अंशी येथलेच होते.

याचा अर्थ परकीय लोक येथे आलेच नाहीत, असा नव्हे. तमिळ संघम्-साहित्यात यवनांचे उल्लेख आहेत. महाराष्ट्रात कार्ले येथे धेनुकाकटाच्या यवनांनी स्तंभ दान केल्याचे लेख असून जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आढळतात. परंतु हे लेख प्राकृतात आहेत आणि कार्ल्याच्या एका दात्याचे ‘सिहधय’ हे नाव पूर्णपणे भारतीय वळणाचे आहे. आयोनियावरून आलेला ‘यवन’ हा शब्द पश्चिमेकडील परकीयांस सैलपणे लावला जात असे, आणि उत्तरकालीन मराठीत तर तो मुसलमानांचा वाचक झाला. केवळ या शब्दावरून रोमन नागरिकांची वस्ती सिद्ध होत नाही. कोल्हापूरनजीक पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी येथे मिळालेल्या पोसायडनच्या कांस्यमूर्तीविषयीही हाच विवेक पाळावा लागतो. मूर्ती भूमध्यसागरी परंपरेची असली, तरी ती जपणारे घर सातवाहनकालीन दक्षिणी नगरातले होते.

वसाहत म्हणावयाची तर घरबांधणी, दफनपद्धती, देवालये व दैनंदिन लेखन यांत परकीय समाजाची स्वतंत्र खूण दिसावी लागते. अरिकमेडु येथे मुख्यत्वे दिसतो तो माल: आधी ग्रीक बेटांवरील व नंतर इटलीतील मद्य, तेल आणि ताटवाट्या. काही यवन व्यापारी तेथे हंगामभर, कदाचित वर्षानुवर्षे, राहिले असतील. पण गाव त्यांच्या आधी होते व त्यांच्यानंतरही राहिले. ‘रोमन वसाहत’ या संज्ञेने त्या गावातील मणिकार, कुंभार आणि नावाडी इतिहासातून वगळले जातात. ‘रोमन व्यापाराशी जोडलेले तमिळ बंदर’ ही संज्ञा पुराव्याशी अधिक सुसंगत असून अभ्यासकांनी तीच स्वीकारणे इष्ट होय.