मोहरी बांधावरच का राहिली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्या नागपूरकडे मोहरीचा डबा नाही असे स्वयंपाकघर सापडणार नाही. तेल मात्र मोहरीचे नसते. सावजी रश्श्याला जुन्या काळी जवसाचे, इतर घरांत शेंगदाण्याचे, आता बहुतेक ठिकाणी सोयाबीनचे. दाणा हवा आणि तेल नको, हे कसे?

मला याचा धागा १८६७ सालापर्यंत नेता येतो. त्या वर्षी मुंबईची आगगाडी नागपुरात आली. युरोपात रंग आणि वार्निशसाठी जवसाला मोठी मागणी होती. काळ्या जमिनीतली रब्बी गव्हाने आणि जवसाने धरली, पुढे कापसाने त्यांनाही रेटले. मोहरीला उरला बांध, नाहीतर गहू-हरभऱ्यातल्या चार ओळी. फोडणीपुरती झाली की काम भागले.

तिचे गणगोत मात्र मोठे गमतीचे आहे. उत्तरेतली तोरिया, पिवळी सरसों आणि आपल्या बाजारात क्वचितच दिसणारे सलगम ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीची. कुणी बियांसाठी वाढवली, कुणी कंदासाठी. १९३५ मध्ये नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की आपली मोहरी म्हणजे या जातीचा आणि काळ्या मोहरीचा संकर. एकीकडे गुणसूत्रांच्या दहा जोड्या, दुसरीकडे आठ, आणि मोहरीत अठरा! सलगमला लांब, सलग थंडी लागते. आपली थंडी तेवढी टिकत नाही.

मोहरीचे तसे नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरावी. बी इतके बारीक की वाळूत मिसळल्याशिवाय सारखे पडत नाही. उगवल्यावर विरळणी हवीच. दाट पिकाला फांद्या फुटत नाहीत. एक पाणी फुलावर येताना, दुसरे शेंगा भरताना मिळाले तर छान. उशीर केला की ढगाळ हवेत मावा शेंड्यांवर चढतो. फवारणी करायची तर संध्याकाळी करावी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.

बांधावरून मोहरीला शेतात आणायचे प्रयत्न नागपुरातच झाले. इथले कृषी महाविद्यालय १९०६ चे. तिथून आलेल्या ‘एसीएन-९’ या वाणाचे नाव ‘शताब्दी’. अलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून ‘टीएएम १०८-१’ हे वाण दिले.

माझ्या मते या वाणांची खरी जागा भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात आहे. धान निघाले की तिथल्या कितीतरी बांध्या पुढचा पावसाळा येईपर्यंत रिकाम्या पडतात. पाणी बेताचे असले तरी मोहरी येते. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि इकडे ओल असलेली जमीन पडून राहते. अडचण दोन गोष्टींची: मोकाट गुरे आणि जवळ तेलघाणी नसणे. घाणी असेल तिथे शेतकरी एखादी बांधी पेरून बघतो.