करवंदाची जाळी आणि प्रयोगशाळेतली बाटली

हिंजवडी आज संगणकाच्या नावाने ओळखली जाते आणि तिथल्या संगणक उद्यानाच्या दुसऱ्या टप्प्यात जैवतंत्रज्ञान उद्यानही आहे. पण पुण्यातल्या ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे टिश्यू कल्चरचा, इतिहास या उद्यानांहून जुना. तो इथून पंधरा किलोमीटरच्या आत, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडला. १९८० साली व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्करेन्हस आणि सहकाऱ्यांनी सागाची रोपे बाटलीत तयार केल्याचे जाहीर केले, तीही शंभर वर्षांच्या वृक्षाच्या डोळ्यांपासून. १९९० साली इथल्याच बांबूला बाटलीत फुले आल्याचा शोधनिबंध ‘नेचर’ने छापला. एरवी त्या फुलांसाठी कित्येक दशके थांबावे लागते. म्हणजे पुण्याचे नाव झाले ते जंगलाच्या झाडांमुळे. या दोन्ही कामांत एक समान सूत्र दिसते: बियांकडून जे वेळेवर किंवा खात्रीने मिळत नाही, तेच बाटलीकडे मागितले गेले. सह्याद्रीच्या रानफळांना हीच कसोटी लावावी, असे माझे म्हणणे आहे.

कोकम या कसोटीला पुरेपूर उतरते. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी. बी लावले तर साधारण निम्मी रोपे नर निघतात, आणि ते कळते सहा-आठ वर्षांनी, फूल आल्यावर. तोवर शेतकऱ्याने खत-पाणी घालून जागा अडवलेली असते. यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मृदकाष्ठ कलमाचा मार्ग दिला, ‘कोकण अमृता’सारखे वाण दिले. कलम स्वस्त आहे, मग प्रयोगशाळा कशाला, हा आक्षेप म्हणून वजनदार आहे. पण कोकमाच्या आडव्या फांदीची काडी घेतली तर कलमही आडवेच पसरते, आणि उभ्या शेंड्यांच्या काड्या एका झाडावर मोजक्याच मिळतात. बाटलीची गरज इथे आहे. पाषाणच्याच प्रयोगशाळेतून २००६ साली कोकमाच्या कोवळ्या बियांपासून थेट भ्रूण व रोपे तयार केल्याचा निबंध ‘करंट सायन्स’मध्ये आला. शास्त्र म्हणून ते पाऊल मोठे, पण बी घेतले की नर-मादीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. शेतकऱ्याच्या उपयोगाची रोपे हवीत ती पारखलेल्या मादी झाडाच्याच अंगापासून, आणि काम तिथेच कठीण होते. पावसात भिजलेल्या रानातल्या फांदीवर बुरशी असते, आणि कापलेला तुकडा आपल्याच रसाने काळा पडून मरतो.

करवंदाची गोष्ट वेगळी. मुळशी-मावळच्या उतारांवर ते कोणी न लावता वाढते. उन्हाळ्यात कातकरी, ठाकर बाया काट्यांतून हात घालून, बोटांना पांढरा चीक लागत, ते तोडतात आणि पानांच्या द्रोणांत विकायला बसतात. मुले करवंद फोडून आत लाल निघाले की कोंबडा, पांढरे निघाले की कोंबडी म्हणतात. जाळीगणिक गर, आंबटपणा, आकार बदलतो. हा बदल हेच या फळाचे धन. एका उत्तम जाळीची लाखभर रोपे करून डोंगर भरला, तर बाग मिळेल, पण रान हरवेल. शिवाय करवंद घटते ते रोपे नाहीत म्हणून नव्हे. उतार सपाट होतात, कुंपणे पडतात, वणवे लागतात. बी रुजायला तयार आहे, फक्त त्याला जागा हवी.

यावर कोणी म्हणेल, की जागाच जात असेल तर निदान बाटलीत तरी वाण राहू द्यावेत. हे मला मान्य आहे, पण एका अटीवर. तोडल्या जाणाऱ्या उतारावरच्या एका नव्हे, अनेक जाळ्यांचे डोळे घ्यावेत, आणि कोणती जाळी घ्यायची ते तिथे वर्षानुवर्षे फळ तोडणाऱ्या बायांना विचारून ठरवावे, त्या कामाची मजुरी देऊन. प्रत्येक बाटलीवर मूळ जाळीचे गाव, उतार आणि फळाचे वर्णन लिहावे, आणि रोपवाटिकेतून बाहेर पडताना तीच चिठ्ठी रोपासोबत जावी.