वटवाघूळ कुणाच्या मालकीचे?

१९८८ साली अमेरिकेतल्या वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेकडे रागावलेल्या पत्रांचा ढीग पडू लागला. पत्रे लिहिणारे होते बॅटमॅनच्या चित्रकथांचे वाचक. कंपनी बॅटमॅनवर मोठा चित्रपट काढणार होती आणि नायकाच्या भूमिकेसाठी तिने मायकेल कीटन या नटाची निवड केली होती. ही निवड रद्द करा, एवढीच वाचकांची मागणी. पत्रांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती, असे तेव्हापासून सांगितले जाते. आकडा थोडा इकडे तिकडे असेल. पण एका सिनेमाच्या पात्रनिवडीवरून झालेले हे भांडण 'वॉल स्ट्रीट जर्नल'सारख्या शेअरबाजाराच्या वर्तमानपत्राने नोव्हेंबर १९८८ मध्ये पहिल्या पानावर छापले, हे मात्र खरे.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या पोरासोरांच्या चित्रकथेशी आपल्याला काय देणेघेणे? थोडे आहे. आपल्याकडच्या एका पिढीला चित्रकथा भेटली ती १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून. ली फॉकचा 'फँटम' तिथे मराठीत 'वेताळ' होऊन आला. ज्या गोव्यात आमोणे-लोलयेसारख्या गावांत वेताळ हा रक्षणकर्ता देव म्हणून पुजला जातो, तिथल्या वाचकाला जंगलातल्या त्या बुरखेधारी रक्षणकर्त्याला हे नाव मिळाल्याचे नवल वाटायचे कारणच नव्हते. शिवाय जत्रेतल्या पौराणिक नाटकाचा प्रेक्षक कसा असतो, हे आपण जाणतो. कथा त्याला तोंडपाठ असते. पुढे काय होणार म्हणून तो येत नाही, आपला कर्ण आणि आपला दुर्योधन रंगमंचावर नीट उभा राहतो की नाही, हे पाहायला येतो. बॅटमॅनच्या वाचकांचा राग मला समजतो तो याच वाटेने.

आता मूळ गोष्ट. बॅटमॅन जन्मला १९३९ साली, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात. काळोखात वावरणारा, लहानपणी आईबापांचा खून डोळ्यांसमोर पाहिलेला, अंगी कसलीही दैवी शक्ती नसलेला माणूस. पुढच्या वर्षी रॉबिन हा पोरगा त्याच्या सोबतीला आला आणि कथा हळूहळू मवाळ होत गेल्या. मग जानेवारी १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर अ‍ॅडम वेस्टची दूरदर्शन मालिका सुरू झाली. रंगीबेरंगी, मुद्दाम हास्यास्पद केलेली. मारामारी चालू असताना 'पॉव', 'झॅप' अशी अक्षरे पडद्यावर उमटत. मालिका तुफान चालली, १९६८ पर्यंत तिचे १२० भाग झाले. चित्रकथेची विक्रीही त्या लाटेत वाढली आणि लाट ओसरली तशी उतरली.

सर्वसामान्य प्रेक्षकाने ही मालिका हसत हसत पाहिली. निष्ठावंत वाचकाला मात्र ते हसू झोंबले. आपण ज्याच्यावर जीव टाकतो त्याला लोक हसतात, म्हणजे ते आपल्यालाच हसतात, असे त्याला वाटले. चित्रकथा वाचणारा प्रौढ माणूस तेव्हाच्या अमेरिकेत जरा चेष्टेचाच विषय होता. मालिकेने त्या चेष्टेला शिक्कामोर्तब केले. चित्रकथेविषयी काही लिहायचे झाले की अमेरिकन वर्तमानपत्रे मथळ्यात ते 'पॉव'-'झॅप' वापरत, ही खोड पुढे कैक वर्षे टिकली.

चित्रकथेने स्वतःला सावरले ते १९७० पासून. लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी बॅटमॅनला पुन्हा रात्रीत नेले. १९८६ मध्ये फ्रँक मिलरचे 'द डार्क नाइट रिटर्न्स' आले, त्यात पंचावन्न वर्षांचा थकलेला, संतापलेला बॅटमॅन होता. १९८८ मध्ये अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचे 'द किलिंग जोक' आले. वाचकांना वाटले, आता आपले दिवस आले, आता जग आपल्याला हसणार नाही.

आणि नेमक्या त्याच साली बातमी आली ती कीटनची. कीटन म्हणजे 'मिस्टर मॉम'मध्ये घर सांभाळताना तारांबळ उडणारा बाप, 'बीटलज्यूस'मधले वात्रट भूत. अंगकाठी बेताची, हनुवटी चित्रातल्यासारखी चौकोनी नाही. दिग्दर्शक टिम बर्टन, त्याचाही पहिला मोठा चित्रपट विनोदीच. वाचकांनी दोन आणि दोन चार केले : म्हणजे पुन्हा १९६६! विरोध कीटनच्या अभिनयाला नव्हताच म्हणा ना, विरोध होता तो पुन्हा एकदा होणार असलेल्या हसण्याला.

गंमत अशी की या चित्रपटाचे मूळही एका चाहत्याच्याच रागात होते. मायकेल उस्लन हा न्यू जर्सीचा मुलगा. १९६६ ची मालिका पाहून तो व्यथित झाला आणि कधी तरी खरा, काळोखातला बॅटमॅन पडद्यावर आणीन, असे त्याने मनाशी ठरवले. इंडियाना विद्यापीठात चित्रकथांवर अभ्यासक्रम शिकवणारा हा गृहस्थ पुढे वकील झाला. १९७९ साली त्याने बेंजामिन मेल्निकर या ज्येष्ठ निर्मात्याच्या जोडीने बॅटमॅनच्या चित्रपटाचे हक्क घेतले. मग दहा वर्षे वणवण. कीटनचे नाव ऐकून उस्लनसुद्धा हादरला होता, हे त्यानेच पुढे सांगितले आहे. बर्टनने त्याची समजूत घातली. बर्टनचे म्हणणे असे की, पिळदार देहाच्या नटाला वटवाघळाचा वेष करायची गरजच काय? प्रेक्षकाचा विश्वास बसायला हवा तो आतल्या ब्रूस वेनवर, रात्री असा वेष करून बाहेर पडेल इतक्या दुखावलेल्या माणसावर. विचार पक्का होता, पण पत्रे लिहिणाऱ्यांपर्यंत तो कोण पोचवणार?

चाहत्यांच्या निष्ठेची दुसरी बाजूही त्याच वर्षी दिसली, आणि ती तितकीशी सुंदर नाही. त्या वेळी जेसन टॉड हा दुसरा रॉबिन चित्रकथेत होता आणि बऱ्याच वाचकांना तो आवडत नव्हता. सप्टेंबर १९८८ मध्ये प्रकाशक डीसी कॉमिक्सने दोन दूरध्वनी क्रमांक छापले. एकावर फोन केला तर मुलगा जगेल, दुसऱ्यावर केला तर मरेल. एका फोनला पन्नास सेंट. ५,३४३ मते मरणाच्या बाजूने पडली, ५,२७१ जगण्याच्या. ७२ मतांनी मुलगा गेला. कुणा एकानेच संगणक लावून पुन्हा पुन्हा फोन केले असावेत, अशी शंका संपादक ओनील यांनीच पुढे बोलून दाखवली. ते काहीही असो. वाचकाच्या हाती निर्णय दिला की न्याय होतोच असे नाही, हे या ७२ मतांवरून कळते.

इकडे लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत चित्रीकरण सुरू झाले होते. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीने निर्माते घाबरले आणि त्यांनी चित्रित झालेल्या भागांतून दीडेक मिनिटाचा ट्रेलर घाईघाईने जुळवला. त्याला संगीतसुद्धा नव्हते. पण त्यात अँटन फर्स्टने उभारलेले काळवंडलेले गॉथम शहर दिसले, काळ्या चिलखतासारख्या पोशाखातला कीटन दिसला. निळा-करडा तंग पोशाख नाही, विनोद नाही. लोक निव्वळ ट्रेलर पाहण्यासाठी तिकीट काढून आत जात आणि मुख्य चित्रपट सुरू होण्याआधीच बाहेर पडत, अशा हकिगती तेव्हाच्या सांगतात. पत्रांना कुणी पत्राने उत्तर दिले असते तर एवढा परिणाम झाला नसता.

२३ जून १९८९ रोजी चित्रपट लागला. पहिल्या तीन दिवसांत त्याने चार कोटी डॉलर्सच्या वर कमाई केली, तो त्या वेळचा उच्चांक होता. जगभरात मिळून आकडा चाळीस कोटींच्या पलीकडे गेला. फर्स्ट आणि पीटर यंग यांना कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. कीटनविषयीची कुरकुर विरून गेली.

पण म्हणून वाचक गप्प बसले असे समजू नका. आता त्यांचे आक्षेप बारीक आणि, मला विचाराल तर, अधिक योग्य झाले. ब्रूसच्या आईबापांना तरुणपणीच्या जोकरनेच मारले, असे चित्रपटात दाखवले होते. मूळ कथेत मारेकरी एक साधा भुरटा चोर. गुन्हा कुणीही, कुठेही करू शकतो, म्हणून तर बॅटमॅनची लढाई कधी संपत नाही. मारेकरी जोकरच ठरला की ती एक सूडकथा होते आणि सूड पुरा झाला की संपते. दुसरा आक्षेप आल्फ्रेडवर. हा विश्वासू सेवक व्हिकी व्हेल या वार्ताहर बाईला सरळ गुप्त गुहेत आणून सोडतो, हे कुणालाच पटले नाही. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये ब्रूस याच गोष्टीवरून आल्फ्रेडला टोमणा मारतो. म्हणजे वाचकांची तक्रार संहितेपर्यंत पोचली होती!

पुढे हे नाटक पुनःपुन्हा झाले. २००६ मध्ये जोकरसाठी हीथ लेजरचे नाव आले तेव्हा ओरड झाली, आणि २००९ मध्ये त्याच भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. २०१३ मध्ये बेन अ‍ॅफ्लेक, २०१९ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन. दर वेळी आरडाओरडा तोच. २०२३ च्या 'द फ्लॅश'मध्ये तर कीटन म्हातारा बॅटमॅन होऊन परतला, आणि ज्याच्याविरुद्ध पत्रे गेली होती त्याचेच जुने चाहते आनंदले. काळाचा महिमा, दुसरे काय?

तर मग हे चाहते केवळ उतावळे, असा निष्कर्ष काढायचा का? मी काढणार नाही. कारण याच लोकांनी एक काम असे केले की जे कंपनीने पाऊणशे वर्षे केले नव्हते. १९८९ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बॅटमॅनचा निर्माता म्हणून एकच नाव होते, बॉब केन. पण केनच्या पहिल्या रेखाटनात लाल कपडे आणि ताठ पंख होते. टोकदार कानांचा मुखवटा, अंगरखा, करडा रंग, ब्रूस वेन हे नाव, पहिली कथा, हे सारे बिल फिंगर या लेखकाचे. १९६५ मध्ये जेरी बेल्स या चाहत्याने फिंगरला भेटून ही हकिगत चाहत्यांच्या हौशी नियतकालिकात छापली. केनने ती रागाने नाकारली. १९७४ मध्ये फिंगर श्रेयाविनाच वारला. १९८९ च्या आत्मचरित्रात केनने फिंगरचा वाटा कबूल केला, पण नामावली तशीच राहिली. चाहत्यांनी विषय सोडला नाही. मार्क टायलर नोबलमन या लेखकाने फिंगरची नात शोधून काढली, २०१२ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले, आणि २०१५ मध्ये डीसीला फिंगरचे नाव द्यावे लागले. २०१६ च्या चित्रपटात ते मोठ्या पडद्यावर आले, तेव्हा फिंगरला जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती.

कागदोपत्री बॅटमॅन कंपनीचा आहे, आणि ते कुणी नाकारत नाही. वाचकाला कोणता नट शोभेल हे ओळखता येतेच असे नाही, कीटनच्या बाबतीत ते आलेच नाही. पण मुखवट्याचे कान कुणी सुचवले, हे विसरायचे नाही एवढे त्याला नक्की कळत होते. आपल्याकडच्या जुन्या नाटकांच्या, आरत्यांच्या, कथांच्या खऱ्या कर्त्यांची नावे सांगणारे असे हट्टी वाचक किती उरले आहेत, याचा विचार मात्र मला हल्ली वरचेवर छळतो.