वऱ्हाडातील तांब्याची तार : अमरावती व अकोला येथील डीएसएल सेवेचा पूर्वेतिहास

कोणत्याही नव्या साधनाचा इतिहास लिहिताना ते साधन ज्या दिवशी लोकांस उपलब्ध झाले त्या दिवसापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्या प्रघातास अनुसरून पाहिले, तर घरगुती वापराच्या डीएसएल सेवेचा आपल्याकडील इतिहास १४ जानेवारी २००५ पासून सुरू होतो. त्या दिवशी भारत संचार निगमाने 'डेटावन' या नावाने ही सेवा आरंभिली. मुंबई व दिल्ली ही शहरे महानगर टेलिफोन निगमाकडे होती. अमरावती, अकोला व उर्वरित वऱ्हाड भारत संचार निगमाच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडत होते. परंतु ही सेवा ज्या तारेवरून घरात आली ती तार २००५ साली नवी नव्हती. ती दूरध्वनीची तार होती आणि दूरध्वनीच्या तारेची वाटणी त्यापूर्वीच होऊन गेली होती. म्हणून वऱ्हाडात इंटरनेट कोणास आधी मिळाले व कोणास मिळालेच नाही, या प्रश्नाचे उत्तर मोडेममध्ये न शोधता तारेच्या इतिहासात शोधले पाहिजे.

वऱ्हाडात तार आली ती कापसामागून. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. रेल्वेच्या कडेने तारायंत्राचे खांब उभे राहिले, कारण गाड्यांचे चलनवलनच तारेवर अवलंबून होते. अकोला या मुख्य मार्गावर पडले. अमरावती मात्र बाजूस राहिल्याने बडनेऱ्याहून फाटा काढून ते जोडावे लागले. त्या काळी अकोला जिल्ह्यात मोडणाऱ्या खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये स्वतंत्र शाखामार्ग झाला, आणि त्याच वर्षी समुद्रातील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात कळण्यास पूर्वी आठवडे लागत, ते काम आता अल्पावधीत होऊ लागले. मात्र हा भाव अडत्यास व निर्यातदारास आधी कळे. ज्याच्या शेतात कापूस पिके त्यास तो शेवटी कळे. तारेच्या वाटणीतील विषमतेचा हा वऱ्हाडातील पहिला ठळक नमुना होय.

दूरध्वनीने ही रचना मोडली नाही. तिच्यावर दुसरा थर चढविला. तारेचे कार्यालय शहरात एक असे आणि लोक तेथे जात. दूरध्वनीत तांब्याच्या तारांची एकेक स्वतंत्र जोडी केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत न्यावी लागते. त्यामुळे शहराचा नकाशा आणि तारेचा नकाशा यांचा संबंध अधिक घट्ट झाला. कचेऱ्या, बाजारपेठ, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, वकील व डॉक्टर यांची वस्ती येथे जोड्या आधी गेल्या. अमरावतीचे परकोटाबाहेरील विस्तार आणि अकोल्यातील मोर्णेच्या दोन्ही तीरांवर वाढत गेलेल्या नव्या वसाहती यांना आपापल्या भागात जोड्या येईपर्यंत थांबावे लागले. दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहणे हा त्या काळी देशभरचाच अनुभव होता. अधिक अनामत भरणाऱ्यास यादीत अग्रक्रम देणारी योजनाही अस्तित्वात होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत मागेल त्यास दूरध्वनी देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, यावरूनच तोपर्यंतची स्थिती काय होती हे स्पष्ट होते.

आता डीएसएलचे तत्त्व पाहू गेल्यास वरील इतिहासाचे महत्त्व ध्यानात येते. मनुष्याच्या बोलण्यास दूरध्वनीच्या तारेतील सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचाच पट्टा लागतो. त्याच्या वरचा, सुमारे २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा रिकामाच असे. हा पट्टा माहितीच्या वहनासाठी वापरावा, आणि ग्राहक जेवढे पाठवितो त्याहून पुष्कळ अधिक तो मागवितो हे ओळखून येण्याचा मार्ग रुंद व जाण्याचा अरुंद ठेवावा, ही कल्पना अमेरिकेतील बेलकोर संस्थेच्या जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० नंतरच्या दशकात पुढे मांडली. २००३ मध्ये मान्य झालेल्या सुधारित पद्धतीत हा पट्टा दुप्पट होऊन वेगाची कमाल मर्यादा २४ मेगाबिटपर्यंत गेली. परंतु उच्च वारंवारतेचा संकेत तांब्यातून जाताना झपाट्याने क्षीण होतो. केंद्रापासून एक-दीड किलोमीटरच्या आत जो वेग मिळतो तो पुढे उतरत जातो, आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे ही सेवा जवळजवळ निरुपयोगी ठरते. दूरध्वनीवरील संभाषण लांबच्या ग्राहकासही ऐकू येत होते. इंटरनेट मात्र अंतराचा हिशेब काटेकोरपणे वसूल करू लागले.

सेवा मिळविण्याची रीतही जुन्या तारेशीच बांधलेली होती. अर्जदाराकडे निगमाचा दूरध्वनी असणे ही पहिली अट होय. त्यानंतर केंद्रातील यंत्रात जागा रिकामी आहे किंवा नाही आणि त्या घराची जोडी संकेत वाहण्यास योग्य आहे किंवा नाही, हे तपासले जाई. दोन्ही जुळल्यास लाइनमन घरी येई. भिंतीवरील पेटीतून आलेली तार स्प्लिटर नामक लहान डबीस जोडली जाई. डबीतून एक वाट दूरध्वनीकडे व दुसरी मोडेमकडे जाई. घरात दुसरा दूरध्वनी समांतर जोडलेला असून तो या डबीच्या अलीकडून निघालेला असेल, तर संभाषणात खरखर होई व जोडणी तुटे. मोडेमवरील दिवा लुकलुकण्याचे थांबून स्थिर झाला की तार जुळली, असे घरातील मुलेही सांगू शकत. आरंभीच्या दरपत्रकात महिना २५० रुपयांत ४०० मेगाबाइटची मर्यादा होती. ५०० रुपयांच्या योजनेत पुढे रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर अमर्याद करण्यात आला. मोठ्या फायली उतरविण्यासाठी संगणक पहाटेपर्यंत चालू ठेवण्याची सवय त्यातूनच रूढ झाली.

दूरध्वनी व डीएसएल यांच्यातील आणखी एक भेद वऱ्हाडात विशेष जाणवला. दूरध्वनीस लागणारी वीज केंद्रातील विजेरीतून त्याच तारेने येते. घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालतो. मोडेमला मात्र घरातील वीज लागते. ही सेवा रुजू लागली तोच काळ महाराष्ट्रातील कडक भारनियमनाचा होता. साहजिकच केंद्र चालू, तार शाबूत आणि तरीही इंटरनेट बंद, अशी स्थिती उद्भवे. त्यात वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. जमिनीखालील केबल व तिचे सांधे यांना हा ताण सोसावा लागतो. सांध्यात पाणी शिरले तर बोलणे कसेबसे ऐकू येते, पण डीएसएलचा संकेत टिकत नाही.

भ्रमणध्वनीच्या प्रसाराने हा सर्व इतिहास गौण ठरला, असा आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. ग्राहकांच्या संख्येपुरता तो खरा आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरवून २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेवले होते. ते मुदतीत गाठले गेले नाही, आणि पुढील मोठी वाढ बिनतारी मार्गानेच झाली. परंतु तारेने आखलेली विषमता बिनतारी साधनाने आपोआप पुसली जात नाही. अमरावती जिल्ह्यातच असलेल्या मेळघाटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. धारणी तालुक्यातील हरिसाल येथे दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या वारंवारतांवरून इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोग झाला व २०१६ च्या सुमारास ते 'डिजिटल गाव' म्हणून प्रसिद्धीस आले. २०१९ च्या निवडणूक-प्रचारात त्याच गावाच्या प्रत्यक्ष स्थितीवरून जाहीर वाद झाला. जेथे तांब्याची तार कधी दाट झाली नाही, तेथे तारेस पर्याय उभा करणे सोपे, तो टिकविणे कठीण, हाच त्याचा अर्थ होय. बिनतारी मनोऱ्यासही शेवटी माहितीचा भक्कम मार्ग, वीज आणि दुरुस्तीस येणारा मनुष्य लागतो. आणि ही तिन्ही साधने जुन्या केंद्रांच्या आसपासच एकवटलेली असतात.

१५ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली. तांब्याच्या जोड्यांची जागाही आता प्रकाशतंतू घेत आहेत, आणि २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय प्रकाशतंतू योजनेचे लक्ष्य ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचण्याचे आहे. या योजनेचे मूल्यमापन किती किलोमीटर तंतू पुरला यावरून करणे पुरेसे होणार नाही. कापसाचा भाव १८७० नंतर कोणाच्या दारी आधी पोहोचला, दूरध्वनीच्या यादीत कोण किती वर्षे राहिले, २००५ नंतर कोणाच्या जोडीवर दिवा स्थिर झाला, या प्रश्नांच्या मालिकेतच तो प्रश्नही बसवावा लागेल. त्यासाठी लागणारी साधने अद्याप पूर्णपणे नष्ट झालेली नसावीत. केंद्रांतील जोड्यांच्या नोंदवह्या, जुन्या दूरध्वनी-निर्देशिका, अर्जांच्या याद्या, घराघरांतील देयके आणि निवृत्त लाइनमनांच्या आठवणी ही ती साधने होत. ताम्रपटांचे वाचन करणाऱ्या अभ्यासकांनी तांब्याच्या तारेचे हे दप्तरही तितक्याच आस्थेने हाताळावे. तार काढून घेतल्यावर खांब काही काळ उभा राहतो; नोंदवही मात्र रद्दीत गेली की परत येत नाही.